धाकट्याची भट्टी

सोपानच्या लेकीची, तेजस्विनीची सुपारी फुटायची होती आणि घरात सकाळपासून बोलणं मात्र पाचटाचं चाललं होतं. सोपानच्या डोक्यात तिडीक गेली.

"सोनल, अजून दोन पेंढ्या आण गं. सरमाडं खाली, पाचट वर. आणि कोळशाचा चुरा मोकळा करून टाक, गठ्ठा नको," गोठ्यामागून धाकट्या भावाचा, गोरखचा आवाज येत होता. त्याची बायको सोनल ओच्याला हात पुसत पळापळ करत होती. आज घरात पाहुणे यायचेत, पुतणीचं ठरायचंय, याचं त्या दोघांना काही आहे की नाही, असं कुणालाही वाटलं असतं. निदान सोपानला वाटलं.

तो इस्त्रीची टोपी हातात धरूनच गोठ्यामागं गेला. टोपी आत्ता घातली तर घामानं इस्त्री मोडेल म्हणून त्यानं ती जपून धरली होती.

"आजच्या दिवस तरी हे बंद ठिव, गोरख. पावणं यायचं आणि घरात धूर."

"दादा, सावळेरामांनीच सांगितलंय चालू ठेवा म्हणून. त्यांना बघायचंय."

"कधी सांगितलं?"

"काल फोन आला व्हता. तू रानात व्हतास. वहिनीला बोललो की मी."

म्हणजे बायकोला माहीत होतं. मुलीच्या सासऱ्याचा फोन, तोही मुलीच्या चुलत्याशी बोलतो, चुलता तो मुलीच्या आईला सांगतो, आणि मुलीच्या बापाला ते गोठ्यामागं, शेणात उभं राहून कळतं. सोपाननं समोरच्या पिंपाकडे पाहिलं. गेल्या दीड-दोन वर्षांत त्या पिंपाकडे त्यानं जितक्या रागानं पाहिलं होतं तितकं बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याकडेही पाहिलं नसेल.

गोरख भोसरीच्या कंपनीत होता. कंपनीला कुलूप लागलं, तेव्हा तो बायकोला आणि दोन लोखंडी पेट्या घेऊन लोणीला परत आला. लोकांना वाटलं, आता हा डोक्याला हात लावून बसेल. सोपानलाही वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते बरं वाटलं होतं. शाळा सोडून रानात राहिला तो सोपान. डिप्लोमा झाला तो गोरख. निदान शेवटी दोघं एकाच बांधावर आले, असं त्याच्या मनाला सुख झालं होतं. पण ते सुख फार टिकलं नाही. ऊस तुटला की सगळा गाव मागं उरलेल्या पाल्याला, पाचटाला काडी लावतो. गोरखनं ते पाचट गोळा केलं, बाजरीची वाळकी ताटं, सरमाडं घेतली, वीटवाल्याकडून दगडी कोळशाचा चुरा आणला आणि गोठ्यामागं एक जाड पत्र्याचं पिंप बसवलं. पिंपाचं तोंड घट्ट बंद करायचं, आत हवेचा कण जाऊ द्यायचा नाही, आणि खालून जाळ घालायचा. आतला माल पेटत नाही, नुसता भाजतो आणि धूर सोडतो. तो धूर पाईपमधून पाण्याच्या हौदात फिरवला की त्यातलं काळं तेल थेंब थेंब खालच्या डब्यात गळतं. जो धूर गार होऊनही धूरच राहतो, तो गॅस. त्यावर चूल पेटते. आणि पिंपात मागं उरतो तो कोळसा. शेणात मळून त्याच्या कांड्या पाडल्या की गुऱ्हाळवाले दारात येऊन घेऊन जातात.

गोरख त्याला प्लांट म्हणायचा. सोपानची बायको सोनीबाई त्याला डबडं म्हणायची. गाव भट्टी म्हणायचं.

मग पेपरात फोटो आला. मध्ये गोरख, हातात काळ्या तेलाची बाटली. कडेला अर्धा कापलेला सोपान. खाली छापलं होतं, 'गोरख वाळुंज व सहकारी'. सोपान सहकारी! ज्यानं याला शाळेत घातलं, तो सहकारी! तो अंक सोनलनं जपून ठेवला, आणि तेजस्विनीनं कॉलेजात नेऊन मैत्रिणींना दाखवला. आपल्या बापाचा फोटो म्हणून नाही, चुलत्याचा, नानाचा फोटो म्हणून.

गेल्या बाजारी चहाच्या टपरीवर भिमाजी हवालदार भेटला. त्यानंही तेच विचारलं. "काय सोपानराव, धाकटं काय म्हणतंय? लई नाव ऐकतो."

सकाळपासून हे विचारणारा तो कितवा माणूस होता देव जाणे. सोपाननं बशीतला चहा फुंकला, इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"भट्टी लावलीय त्यानं."

"भट्टी?"

"गोठ्यामागं. पिंप, पाईप, पाण्याचा हौद. थेंब थेंब गळतंय दिसभर."

एकही शब्द खोटा नव्हता. वीटभट्टी असते, चुन्याची असते, फुटाण्याची असते. पण हवालदारासमोर आवाज खाली आणून भट्टी म्हटलं की ती एकाच मालाची, हे पुणे जिल्ह्यातल्या पोरासोरांनाही कळतं. भिमाजीच्या भुवया वर गेल्या. सोपाननं चहा संपवला आणि घरी आला. येतील, बघतील, हसतील आणि जातील. पण चार लोकांत धाकट्याची जरा जिरेल. एवढंच त्याच्या मनात होतं. नंतर पोलीस काही आले नाहीत, तेव्हा त्याला हायसं वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

*

आळ्याहून सुमो आली तेव्हा सोनीबाईच्या पुरणपोळ्यांची चळत डब्यात तयार होती. पहाटेपासून ती पाटावरवंट्याशी होती. जाऊबाई धूर खात बसल्या होत्या, त्यामुळे कटाच्या आमटीपासून भज्यांपर्यंत सगळं एकटीनं. पण सोनीबाईची तक्रार नव्हती. आपल्या लेकीचं होतंय, आपल्या हातचं होऊ दे.

सावळेराम कुऱ्हाडे दणकट गृहस्थ होते. आळ्यात त्यांची दोन गुऱ्हाळं होती. मुलगा चाकणला नोकरीला, दिसायला बरा आणि बोलायला कमी. मुलगी त्यांनी आधीच पाहून पसंत केली होती. आज बसायचं, मानपान बोलायचे, आणि जमलं की मुलीकडच्या कारभाऱ्यानं चारचौघांत सुपारी फोडायची. एकदा सुपारी फुटली की मागं फिरणं नाही. वाळुंजांकडे आजवर सगळ्या सुपाऱ्या सोपानच्या वडिलांनी फोडल्या. ते गेल्यावरची ही पहिली. घराचा कारभारी आता कोण, हे आज ओसरीवर जमलेल्या सगळ्या भावकीला आपोआप दिसणार होतं. सोपानला लेकीच्या लग्नाइतकंच याचं लागलं होतं, हे सोनीबाईला ठाऊक होतं.

तिनं चहा आणला. दुधाचा, वेलची घातलेला, कपबश्या नव्या.

सावळेरामांनी कप हातात घेतला आणि खाली ठेवला. "वहिनी, राग मानू नका. त्या पाचटाच्या गॅसवर चहा व्हतो म्हणं?"

"व्हतो की," सोनल दारातूनच म्हणाली. आपल्याला विचारलंय की नाही, याचीही वाट तिनं पाहिली नाही.

"मग तो आणा राव! दूध-साखर कुठंबी मिळती. पाचटावरचा चहा कुणी पिलाय?"

सगळे हसले. सोनलनं पदर खोचला आणि पळाली. सोनीबाईच्या चहावर साय धरली. तिचा चेहरा इतका तापला, तितका तव्यासमोर बसूनही तापला नव्हता. बाहेर धुरात बसून काळा चहा करणारी ती, आणि पहाटे उठून खपणारी मी, आणि माझ्याच पोरीच्या सासऱ्याला तिचा चहा पाहिजे!

पण सोनीबाई व्यवहाराची बाई होती. तिनं सावळेरामांचे डोळे पाहिले. गुऱ्हाळाला जळण किती लागतं हे ज्याला माहीत आहे त्याचे डोळे होते ते. माणूस सोयरीक करायला आला होता खरा, पण त्याला या घरात अजून काहीतरी दिसलं होतं. मग मत्सर गिळायला तिला एक आवंढा पुरला.

"आमच्या प्लांटचं कायबी विचारा तुमी," ती गोड आवाजात म्हणाली. "घरचंच हाय. आमी काय वेगळं न्हाई. एकच चूल हाय आमची."

सोपाननं चमकून बायकोकडे पाहिलं. आमचा प्लांट! कालपर्यंत डबडं होतं.

"पण डोकं कुणाचं हे?" सावळेरामांनी सोपानच्या मांडीवर थाप मारली. "पाचटातनं तेल काढायचं, हे सुचलं कुणाला?"

सोपान काय बोलणार होता ते त्यालाही माहीत नव्हतं. धाकट्याचं नाव त्याच्या जिभेपर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. बायको तिकडं गेली होती. पोरगी आधीपासूनच तिकडं होती. आता व्याहीही चालला होता.

"तसं बघितलं तर माझंच," तो म्हणाला. "म्हणजे समदं मी ठरवलं. धाकटा बघतो चालवायचं."

तेजस्विनी आतल्या दाराशी साडीचा पदर धरून उभी होती. तिनं बापाकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. गोरख किटली घेऊन उंबऱ्यात पोचला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"व्हय," गोरख म्हणाला. "दादा सांगंल तसं आमी करतो. घ्या, चहा घ्या."

त्यानं भांडायला हवं होतं. सोपानला मनापासून वाटलं, यानं आत्ता भांडावं.

*

गोरख काही देव नव्हता. दादाच्या तोंडून 'माझंच' आलं तेव्हा ते त्याला झोंबलं होतं. दीड वर्ष त्यानं हात भाजून घेतले होते. एकदा झाकण उडून गोठ्याचं छप्पर गेलं तेव्हा याच दादानं भर अंगणात त्याला वेड्यात काढलं होतं. आता तोच दादा पाहुण्यांना पिंपाभोवती फिरवत होता आणि गोरख मागून चालत होता.

पण त्या झोंबण्याखाली थोडी मजाही होती. ती त्यानं सोनललाही कधी सांगितली नव्हती. दादाला मोठेपणा देऊन टाकला की दादा कासावीस होतो, हे त्याला फार पूर्वी कळलं होतं. वडिलांनी मरताना कारभार दादाच्या हातात दिला, तेव्हा गोरखच्या वाट्याला एवढंच शस्त्र आलं होतं. आणि ते त्याला छान चालवता येत होतं.

"हितून जाळ घालायचा," सोपान काठीनं दाखवत होता. "आणि हितून तेल येतं."

"आणि हे झाकण एवढं गच्च का?" सावळेरामांनी विचारलं. "हवा गेली तर चांगलं नाय का जळणार?"

सोपाननं काठी जमिनीवर टेकली. उचलली. परत टेकली.

"जळंल म्हणूनच," तेजस्विनी मागून म्हणाली. "हवा गेली की पाचट जळून राख व्हतं. आपल्याला राख नको. हवेशिवाय नुसती धग दिली की त्यातलं तेल अन् गॅस सुटतो, मागं कोळसा राहतो. कोळशाचा चुरा घातला की गॅस जास्त टिकतो. नानांनी करून बघितलंय." मग बापाचा चेहरा पाहून तिनं घाईनं जोडलं, "अण्णांनी अन् नानांनी."

नवरा मुलगा त्या दिवसात पहिल्यांदा हसला. सावळेराम तर खूषच झाले. "पोरगी तयार हाय राव!" ते म्हणाले. सोपानही हसला, पण त्याचं हसू गालातच राहिलं.

तेवढ्यात रस्त्यावरून जीप आत वळली.

पोलिसांची जीप अंगणात आली की घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघतात. सगळ्यांनी पाहिलं. सोपाननं कुणाकडेच पाहिलं नाही. जीपमधून तरणा फौजदार उतरला, मागं भिमाजी हवालदार, आणि दोन शिपाई. एकाच्या हातात कुऱ्हाड. दारूच्या भट्टीवर धाड घातली की आधी पिंप फोडायचं आणि रसायन ओतून द्यायचं, हा रिवाज.

फौजदारानं पिंप पाहिलं. पाईप पाहिला. हौद पाहिला. डब्यात पडणारा थेंब पाहिला. त्याला अजून काही विचारायची गरज वाटली नाही.

"भरदिवसा? आणि पाव्हणे जमवून?" तो म्हणाला. "मालक कोण?"

सावळेरामांना वाटलं, हाही कुणी साहेब यंत्र बघायला आलाय. त्यांनी मोठ्या अभिमानानं सोपानच्या पाठीवर हात ठेवला. "हे काय, सोपानराव! ह्यांच्याच डोक्यातनं निघालंय समदं."

"असं?" फौजदार म्हणाला. "मग चला, सोपानराव."

दिवसभर जे सोपानला पाहिजे होतं ते मिळालं होतं. भट्टी त्याची होती. चार माणसांनी, पाहुण्यांनी, पोलिसांनीसुद्धा मान्य केलं होतं. त्याला नाही म्हणता येईना आणि हो म्हणवेना. शिपायानं कुऱ्हाड उचलली.

"थांबा!" गोरखनं झेप घेऊन शिपायाचं मनगट धरलं. "आत गॅस हाय! घाव बसला तर भडका उडंल, तुमीबी राहणार न्हाई अन् आमीबी. साहेब, हे माझं हाय. मी केलंय, मीच चालवतो. दादाचा काय संबंध न्हाई. बोलायचं ते माझ्याशी बोला."

फौजदारानं शिपायाला हातानं मागं केलं. मग वाकून डब्यातल्या काळ्या तेलात बोट बुडवलं, नाकापाशी नेलं आणि ठसकला. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या.

"हे कोण पितंय?"

"कुणी न्हाई, साहेब. हे जळण हाय. पाचटाचं."

सावळेराम आधी हसले. मग शिपाई हसले. भिमाजी हवालदाराला मात्र हसू येत नव्हतं. त्यानं सोपानकडे पाहिलं. "सोपानराव, तुमी तर त्या दिवशी..." तो म्हणाला, आणि सोपानचा चेहरा पाहून गप्प झाला. पण सोनीबाई जवळच उभी होती. नवऱ्याला तिनं पंचवीस वर्षं जेवू घातलं होतं. तिला पुढचं वाक्य ऐकायची गरज नव्हती.

पण फौजदार जीप घेऊन आला होता. तो रिकाम्या हातानं कसा जाणार? हे काय आहे, कोळसा कुठून येतो, गॅसचा धोका किती, हे चौकीवर येऊन सांगा, असं तो म्हणाला. बाटलीत थोडं काळं तेल घेतलं. गोरख शर्टाला हात पुसत जीपमध्ये बसला. सोनल रडली नाही. ती पिंपाखालचा जाळ ओढायला धावली, कारण तो तसाच सोडून चालणार नव्हतं. तेजस्विनीही साडी सावरत तिच्यामागं गेली. सगळ्या माणसांचे डोळे जीपच्या मागं लागले होते. सोपानलाही ती जीप दिसत होती, आणि आपल्याऐवजी धाकटा तिच्यात बसून जातोय, हेच दिसत होतं.

*

"सोपानराव," सावळेराम ओसरीवर टेकत म्हणाले. आवाज आता थंड होता. "मग ती भट्टी कुणाची?"

सोनीबाई पुढं झाली. "अवो, घर एकच हाय ना. ह्यांचं काय अन् त्यांचं काय..."

"वहिनी, मी त्यांना विचारलं."

"नानांची," तेजस्विनी म्हणाली. तिच्या साडीला काजळी लागली होती. "अण्णांनी त्यातलं काय केलं न्हाई. अण्णा म्हणाले ते तुमच्यापुढं कमी पडू नये म्हणून. पण केलं नानांनी."

आजच्या दिवशी असं बोलायचं नसतं, हे तिला कळत होतं. लग्न मोडलं तर तिचंच मोडणार होतं. पण दुसरं काही बोलायला तिची जीभ तयार नव्हती.

सावळेरामांनी टोपी काढून झटकली आणि परत घातली. मुलगा काहीतरी बोलणार होता, त्याला त्यांनी नजरेनं थांबवलं.

"आमी थांबतो," ते शेवटी म्हणाले. "जेवण नंतर करू. भावावर येतंय म्हणल्यावर जो माणूस जीपमधी बसला, त्याच्या घरची पोरगी मला पायजे. पण सुपारी त्यानंच फोडायची. तुमी जा अन् घेऊन या त्याला."

सोनीबाई नवऱ्याबरोबर फाटकापर्यंत आली. त्यानं मोटरसायकलला किक मारली तेव्हा ती हळूच म्हणाली, "भट्टी म्हणून तुमीच सांगितलं ना हवालदाराला?"

सोपाननं गाडीचा आरसा सरळ केला.

"मला त्या सोनलचा लई हेवा वाटायचा," सोनीबाई म्हणाली. "आज चहाच्या टायमालाबी वाटला. पण मी तिच्या चुलीत पाणी न्हाई ओतलं."

तिनं फाटक लावून घेतलं.

वाटभर सोपाननं मनात वाक्यं जुळवली. फौजदाराचे पाय धरावे लागतील. भावाला सोडा म्हणावं लागेल. गोरख कुठंतरी कोपऱ्यात, भिंतीला टेकून, मान खाली घालून बसलेला असेल. त्या चित्रानं सोपानला वाईटही वाटलं आणि बरंही वाटलं. त्याला खांद्याला धरून उठवू, असं त्यानं ठरवलं. मी आहे ना, असं म्हणू.

चौकीत गोरख खुर्चीवर बसला होता. समोर चहाचा ग्लास होता. फौजदार टेबलावर कोपरं टेकून वाकला होता आणि गोरख कागदावर पाईप काढून दाखवत होता.

"म्हणजे आमच्या गावाकडं कपाशीच्या पऱ्हाट्या पडून असतात, त्याबी चालतील?"

"पळतील साहेब. पऱ्हाटी तर लई चांगली."

"मग माझ्या मोठ्या भावाला पत्ता देतो तुमचा. तो येईल."

सोपान दारात उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही. शेवटी गोरखचंच लक्ष गेलं आणि तो उठला. "दादा! ये, बस," असं म्हणून त्यानं आपली खुर्ची पुढं सरकवली.

बाहेर आल्यावर सोपान मोटरसायकलपाशी थांबला. "गोरख, हवालदाराला मीच..."

"ठावं हाय. भिमाजी जीपमधीच बोलला."

"मी भट्टी म्हणलो नुसतं. भट्टी तर हायच ना ती."

"हाय की." गोरखनं किल्ली त्याच्या हातातून घेतली. "घरी कायबी बोलू नको. वहिनीला लागंल, पोरीच्या सासरी वास जाईल. मी मिटवलं ते." आणि तो पुढं बसला. सोपान मागं बसला. गोरखच्या शर्टाला जळक्या पाचटाचा वास येत होता आणि तो सगळी वाट सोपानच्या नाकात जात राहिला. यानं एक शिवी दिली असती तर काय बिघडलं असतं?

घरी सगळे उभे राहिले. मोटरसायकल गोरख चालवत होता, म्हणून आधी तोच दिसला. सावळेरामांनी पुढं होऊन त्याला कवेत घेतलं. मग पाट मांडले, तांदळाची रास झाली, आणि सावळेरामांनी सुपारी आणि अडकित्ता गोरखच्या हातात दिला.

गोरख क्षणभर त्या सुपारीकडे पाहत राहिला. सोपानला वाटलं, त्याला हवी आहे ती. त्याच्या बोटांवरून कळत होतं. मग गोरख वळला.

"पावणं, राग धरू नका. घरचा कारभारी दादा हाय. माझ्या हातानं कशी फुटंल?" आणि त्यानं दोन्ही हातांनी सुपारी सोपानपुढं धरली. "घे, दादा."

भावकीतली माणसं भरल्या डोळ्यांनी बघत होती. असा भाऊ पाहिजे, असं कुणीतरी म्हणालं. सोपाननं सुपारी घेतली. त्याला दुसरं काय करता येणार होतं? वर्षभर ज्या क्षणाची त्यानं वाट पाहिली, तो आला, आणि तोही धाकट्यानं दिलेला. त्यानं अडकित्ता दाबला. सुपारीचे दोन तुकडे झाले. जमलं, जमलं, असं सगळे म्हणाले. सोनीबाईनं साखर वाटली, आणि पहिली चिमूट सोनलच्या तोंडात घातली.

तेजस्विनी पाया पडायला आली. रिवाजाप्रमाणे आधी बापाच्या. ती वाकली, बोटं पावलांना लावली आणि उठली. मग ती गोरखपाशी गेली. तिथं ती गुडघ्यांवर बसली, त्याच्या काळ्या पडलेल्या पावलांवर तिनं कपाळ टेकलं, आणि तशीच राहिली.

ती किती वेळ राहिली, ते सोपान मोजत होता.